'शांग्री-ला'च्या मागचे टोकियो : ऊन, जंगल आणि कार्बनची खतावणी

२० जुलै २००४. टोकियोच्या ओतेमाची भागातल्या हवामान केंद्रात पारा ३९.५ अंशांवर गेला. केंद्रात नोंदी सुरू झाल्यापासून एवढे ऊन कुणी पाहिले नव्हते. त्या उन्हाळ्यात ६ जुलैपासून सलग ४० दिवस शहराचे कमाल तापमान तिशीच्या खाली आलेच नाही. पाठोपाठ वादळे आली. जपानच्या किनाऱ्यावर वर्षाला सरासरी तीनेक टायफून धडकतात, त्या एका वर्षात दहा धडकले. ऑक्टोबरात निइगाताकडे मोठा भूकंप झाला. दरवर्षी डिसेंबरात क्योतोच्या कियोमिझु मंदिरात मुख्य पुजारी जाड कुंचल्याने मोठ्या कागदावर वर्षाचे एक चित्राक्षर लिहितात. लोकांनी पत्रे पाठवून निवडलेले ते अक्षर २००४ साली होते 'साइ', म्हणजे आपत्ती.

एइइची इकेगामी यांची 'शांग्री-ला' ही कादंबरी याच काळात 'न्यूटाइप' या अॅनिमेच्या, म्हणजे जपानी चलच्चित्रांच्या, मासिकात क्रमशः येत होती. २००५ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली. गोन्झो स्टुडिओने माकोतो बेस्शो यांच्या दिग्दर्शनाखाली तिच्यावर चोवीस भागांची मालिका केली आणि ती एप्रिल ते सप्टेंबर २००९ या काळात जपानी दूरदर्शनवर दाखवली गेली. मालिकेत एकविसाव्या शतकाचा मध्य आहे. तापमानवाढीने जग हैराण झाले आहे, देशांची ऐपत आता सोन्याने किंवा तेलाने नव्हे, तर कार्बनच्या हिशेबाने ठरते. हा हिशेब जुळवण्यासाठी टोकियोचे जंगल करून टाकले आहे. त्या जंगलातून 'अॅटलस' नावाचा अजस्र मनोरा वर जातो आणि त्यात निवडक लोक राहतात. बाकीचे खाली, झाडोऱ्यात, अवकाळी धुवाधार पावसात. बूमरँग घेऊन लढणारी कुनिको होजो ही त्या खालच्यांची पोर.

हवामान बदलावरच्या कथांत सहसा पाणी चढते, बर्फ वितळते, शहर बुडते. 'शांग्री-ला'तही ऊन-पाऊस आहे, पण मला तिथे खरी धडकी भरते ती हिशेबवहीची. ही भीती लेखकाच्या डोक्यातून आयती निघालेली नाही. तिला जपानमध्ये ठिकाण आहे आणि तारखाही आहेत.

पहिली तारीख ११ डिसेंबर १९९७. क्योतोच्या आंतरराष्ट्रीय परिषद केंद्रात ठरलेली मुदत उलटून गेल्यावर, रात्रभर जागून, करार झाला. श्रीमंत देशांनी २००८ ते २०१२ या पाच वर्षांत तापमान वाढवणाऱ्या वायूंचे आपले उत्सर्जन १९९० च्या तुलनेत सरासरी ५.२ टक्क्यांनी घटवायचे होते. यजमान जपानच्या वाट्याला ६ टक्के आले. जपानला ते जड जाणार हे उघडच होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथल्या कारखान्यांनी इंधनाची काटकसर आधीच करून ठेवली होती. सोपे उपाय संपले होते. पण करारात तीन वाटा ठेवल्या होत्या : देशादेशांत उत्सर्जनाचे हक्क विकता-घेता येतील, दुसऱ्या देशात प्रकल्प करून तिथली बचत आपल्या नावे लावता येईल, आणि जंगलाने शोषलेला कार्बनही जमेला धरता येईल.

अमेरिका २००१ मध्ये बाहेर पडल्यावर करार लटकला. रशियाने होकार दिल्यावर तो १६ फेब्रुवारी २००५ रोजी लागू झाला. त्याच्या दीड महिना आधी युरोपात कार्बनचा बाजार उघडला होता. कार्बनला भाव असतो, तो चढतो-पडतो, त्यावर सट्टा लागतो, हे टोकियोच्या वाचकाला आता रोजच्या वर्तमानपत्रात दिसू लागले. मालिकेतली कारिन ही लहान मुलगी एका संगणक प्रणालीच्या जोरावर अख्खा कार्बन-बाजार हलवते. अतिशयोक्ती वाटते खरी. पण खऱ्या बाजारात काय चालले होते ते पाहा.

शीतक वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा एक उपवायू निघतो. करारातल्या दुसऱ्या वाटेच्या, म्हणजे परदेशातल्या प्रकल्पांच्या, नियमांत त्याचे एक टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे ११,७०० टन धरले जात. म्हणजे भट्टी लावून एक टन जाळला की ११,७०० पत-एकके, म्हणजे विकता येणारे उत्सर्जनाचे हक्क, पदरात. गुजरातमधल्या अशाच एका कारखान्याचा प्रकल्प २००५ मध्ये नोंदला गेला, चीनमध्ये तर अशी रांगच लागली. कित्येक ठिकाणी मूळ मालापेक्षा कचरा जाळणेच जास्त फायद्याचे ठरू लागले. युरोपने पुढे, २०१३ पासून, ही एकके घेणे बंद केले. महाराष्ट्रातल्या पवनचक्क्यांचे प्रकल्पही याच यंत्रणेत नोंदले गेले होते. तिथे निदान वीज तरी तयार होत होती.

कागदावरच्या मालाचा व्यापार जपानला परका नाही. ओसाकाच्या दोजिमा या तांदूळबाजाराला शोगुनांनी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकांनी, १७३० मध्ये अधिकृत मान्यता दिली. तिथे 'चोआइमाइ' चाले. शब्दशः पाहिले तर वहीत जुळवायचा तांदूळ. पोते हलत नसे, फक्त जमाखर्चातला फरक चुकता होई. जगातल्या पहिल्या संघटित वायदेबाजारांत त्याची गणना होते. तांदळाच्या जागी हवा आली, एवढाच काय तो बदल.

दुसरा धागा शहराचा. शंभर वर्षांत टोकियोचे सरासरी तापमान सुमारे तीन अंशांनी वाढले. त्यातला मोठा वाटा जागतिक तापमानवाढीचा नव्हे, डांबर-काँक्रीटचा आणि वातानुकूलन यंत्रांच्या फुंकरीचा आहे. म्हणून २००१ मध्ये महानगर प्रशासनाने नियम केला की हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवी इमारत बांधायची, तर वापरता येण्याजोग्या गच्चीच्या २० टक्के भागावर झाडे लावलीच पाहिजेत. २००५ च्या उन्हाळ्यात पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी 'कूल बिझ' आणले : कचेरीत वातानुकूलन २८ अंशांवर ठेवा, कोट आणि टाय घरी ठेवा. ज्या देशात भर ऑगस्टात घामाघूम होऊनही कारकून टाय सोडत नसे, तिथे खुद्द पंतप्रधान मोकळ्या गळ्याने वावरू लागले.

त्या गच्च्यांपैकी एक पाहण्यासारखी आहे. २००३ मध्ये उघडलेल्या रोप्पोंगी हिल्स संकुलात एका इमारतीच्या डोक्यावर चक्क भाताचे खाचर आहे. दरवर्षी तिथे राहणारी मुले पँट गुडघ्यापर्यंत सरसावून चिखलात उतरतात, रोपे लावतात, शरदात कापणी करतात. मागे ५४ मजली काचेचा मनोरा उभा. गंमत म्हणजे या बागेच्या मातीचे वजन फुकट चढवलेले नाही. भूकंपात इमारतीचे हेलकावे कमी करायला ते वापरले आहे. इकेगामींनी हे खाचर पाहिले होते की नाही यापेक्षा मला एवढेच महत्त्वाचे वाटते की, हिरवे डोके असलेला उंच मनोरा आणि तिथे राहण्याची ऐपत असलेले थोडके लोक, हे चित्र कादंबरीच्या आधी शहरात होते.

अॅटलसचे पूर्वजही आहेत. १९८० च्या दशकाच्या शेवटी टोकियोत जमिनीचे भाव आभाळाला भिडले, तेव्हा बांधकाम कंपन्यांनी आभाळातच गावे वसवण्याचे आराखडे काढले. ताकेनाका कंपनीच्या १९८९ च्या 'स्काय सिटी १०००' मध्ये एक हजार मीटर उंचीपर्यंत बशीसारखे थर एकावर एक रचून ३५,००० लोक राहणार होते. शिमिझू कंपनीला टोकियोच्या उपसागरावर सुमारे दोन हजार मीटरचा पिरॅमिड उभारायचा होता. जमिनीच्या भावांचा फुगा फुटला आणि आराखडे कपाटात गेले. त्यात वर हिरवळ, मोकळी हवा, शाळा सगळे रंगवले होते. खालच्या जमिनीवर कोण उरेल, हे मात्र कुठेच काढलेले नव्हते. इकेगामींनी नेमका तोच कोरा भाग भरला.

आणि शहर पुसून नव्याने काढण्याची टोकियोला सवय आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत एक लाखाहून अधिक माणसे गेली. १० मार्च १९४५ च्या रात्री बॉम्बफेकीने पूर्व टोकियो जाळून काढले. जपानी विज्ञानकथेत राजधानी पुन्हापुन्हा उद्ध्वस्त होते, तिच्यामागे ही दोन वर्षे असतात. १९७३ मध्ये साक्यो कोमात्सु यांनी आपल्या कादंबरीत अख्खा देश समुद्रात बुडवला. मिनामाता शहरात कारखान्याने पाण्यात सोडलेल्या पाऱ्याने पिढ्या नासवल्यानंतर विषारी पृथ्वीच्या कथा आल्या. या परंपरेत 'शांग्री-ला' वेगळी पडते, कारण तिच्यात शहर कोसळलेले नाही, ठरवून सोडून दिलेले आहे. मालिकेच्या शीर्षकगीताचे नावही साधे नाही. 'किमी शिनितामोउ कोतो नाकारे', तू मरू नकोस : १९०४ मध्ये रशियाशी युद्ध चालू असताना योसानो आकिको यांनी आघाडीवरच्या धाकट्या भावाला उद्देशून हीच ओळ लिहिली होती. सत्तेने ज्यांना खर्ची घातले त्यांच्या बाजूची ही ओळ.

मालिका सुरू होण्याच्या महिनाभर आधी, मार्च २००९ मध्ये, जपानने युक्रेनकडून तीन कोटी टन उत्सर्जनाचा हक्क विकत घेतला. युक्रेनकडे तो शिल्लक होता, कारण सोव्हिएत संघ मोडल्यावर तिथले कारखाने बंद पडले होते. वाटाघाटींत या शिल्लकीला 'गरम हवा' म्हणत. सप्टेंबरात मालिका संपली आणि त्याच महिन्यात नवे पंतप्रधान हातोयामा यांनी संयुक्त राष्ट्रांत २०२० पर्यंत २५ टक्के कपातीचा शब्द दिला. एप्रिल २०१० पासून टोकियोने मोठ्या इमारती आणि कारखान्यांवर उत्सर्जनाची कमाल मर्यादा घातली आणि तिचा व्यापार सुरू केला. शहराच्या पातळीवर जगात असे पहिल्यांदाच होत होते. मग मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात दुर्घटना घडली, अणुभट्ट्या थांबल्या, कोळसा आणि वायू पेटले, हातोयामांचा शब्द २०१३ मध्ये मागे घेतला गेला.

क्योतोचा हिशेब मात्र पूर्ण झाला. २००८ ते २०१२ या पाच वर्षांत जपानमधून प्रत्यक्ष हवेत गेलेले उत्सर्जन पायाभूत वर्षापेक्षा १.४ टक्क्यांनी वाढले होते. त्यातून जंगलांचे ३.९ टक्के वजा झाले. ती जंगले बहुतेक युद्धानंतर लावलेल्या सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांची, विरळणी केली की 'राखलेली' म्हणून जमेस धरता येणारी. परदेशातून घेतलेल्या एककांचे ५.९ टक्के वजा झाले. कागदावर घट ८.४ टक्के भरली, ६ टक्क्यांच्या उद्दिष्टाहून जास्त.