दिवाणी दाव्यात कबुलीची नोटीस : कोणी द्यायची, मुदत किती, सोबत काय लावायचे

उसनवारीच्या दाव्यात प्रतिवादी कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) सगळेच नाकारतो आणि त्याच्याच सहीची पावती शाबीत करायला वादीला साक्षीदार आणावे लागतात. हा खर्च टाळण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या ऑर्डर 12 मध्ये आहे. दाव्यातला कोणताही पक्षकार दुसऱ्याला 'अमुक दस्तऐवज किंवा वस्तुस्थिती कबूल करा' अशी नोटीस देऊ शकतो. ऑर्डर 11 च्या प्रश्नावलीला (समोरच्या पक्षकाराला विचारलेल्या लेखी प्रश्नांना) कोर्टाची परवानगी लागते, हिला लागत नाही.

दस्तऐवजासाठी रूल 2 खाली, परिशिष्ट 'सी'च्या नमुना 9 मध्ये नोटीस द्यायची. उत्तराला बजावणीपासून 7 दिवस. वस्तुस्थितीसाठी रूल 4, नमुना 10. ही सुनावणीच्या तारखेआधी किमान 9 दिवस द्यावी लागते आणि उत्तर 6 दिवसांत यायला हवे. कोर्ट ही मुदत वाढवू शकते.

गल्लत होते ती पुढे. दस्तऐवज कैफियतीत किंवा उत्तरात नाकारला नाही, तर रूल 2-अ प्रमाणे तो कबूल धरला जातो. अज्ञान (वयाने सज्ञान नसलेल्या) पक्षकाराविरुद्ध तसे धरता येत नाही, आणि कारणे नोंदवून कोर्ट तरीही पुरावा मागू शकते. वस्तुस्थितीच्या नोटिशीवर मात्र गप्प बसल्याने कबुली होत नाही. ती वस्तुस्थिती शाबीत करण्याचा खर्च तेवढा, दाव्याचा निकाल काहीही लागो, गप्प बसणाऱ्यावर पडतो. कोर्टाने वेगळा आदेश दिला तर गोष्ट निराळी. म्हणून जे कागदावर आहे ते कागदाच्या नोटिशीतच घाला.

एका वाक्यात एकच गोष्ट लिहा. 'प्रतिवादीने 3 लाख रुपये घेतले व बुडवले' असे लिहिले की उत्तर एका शब्दात येते : नाकबूल. त्याऐवजी अमुक तारखेला रक्कम जमा झाली, ते खाते प्रतिवादीचे आहे, पावतीवरची सही त्याची आहे, अशी वेगवेगळी वाक्ये करा. 'प्रतिवादी देणे लागतो' हा कायदेशीर निष्कर्ष आहे, तो विचारू नका.

नोटिशीसोबत दस्तऐवजांची यादी आणि नकला लावा. समोर वकील असतील तर त्यांच्यावर बजावणी चालते. पोहोच घेऊन स्थळप्रत कोर्टात दाखल करा; पोहोच नसेल तर पुढे खर्च मागताना हात रिकामे राहतात.

कबुली स्पष्ट, बिनशर्त असेल तर रूल 6 खाली तेवढ्यापुरता निकाल मागणारा अर्ज लगेच द्या. निकाल देणे कोर्टाच्या मर्जीवर आहे. रूल 4 ची कबुली त्याच दाव्यापुरती असते, दुसऱ्या दाव्यात वापरता येत नाही. आणि अनावश्यक कागद यादीत कोंबू नका : रूल 9 प्रमाणे त्यांचा खर्च नोटीस देणाऱ्यावरच बसतो.