जनरेटर ठेवायचा कुठे?

12 ऑक्टोबर 2020, सोमवार, सकाळचे दहा वाजून गेलेले. गोरेगाव पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर माझ्या मावसभावाचा गाळा आहे. प्लास्टिक मोल्डिंगची दोन मशिनं, चार माणसं, आणि बाटल्यांची झाकणं, डब्यांची बुचं असला माल. लॉकडाउननंतर कामगार नुकते गावाहून परतले होते, दोन्ही मशिनं बऱ्याच महिन्यांनी एकदम चालू होती. तेवढ्यात लाइट गेले.

घरातले लाइट गेले की पंखा थांबतो, आणि फार तर आपण वैतागतो. मोल्डिंग मशिनच्या पोटात पोलादाचं लांब बॅरल असतं, त्याला बाहेरून हीटरचे पट्टे गुंडाळलेले आणि आत दोनशे अंशांच्या वर वितळलेला दाणा. हीटर बंद पडले की तो दाणा जागच्या जागी थिजायला लागतो. लाइट आल्यावर बॅरल परत तापवायचं, आतला करपलेला माल नोझलमधून बाहेर काढायचा (तो शेवयांसारखा लांबच लांब येतो आणि वास महाभयंकर), मग पहिले वीस-पंचवीस नग बाद करायचे, तेव्हा कुठे धंद्याचं झाकण पडायला लागतं. त्या दिवशी लाइट काही तास गेले आणि भावाचा अख्खा दिवस गेला. एखादा जनरेटर का नाही घेत, असं मी त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, "घेईन रे. ठेवू कुठे?"

हा प्रश्न मला पुढे बरेच दिवस पुरला. तो एकाच वेळी विजेचाही आहे आणि जागेचाही, आणि देशाच्या वाढीबद्दल अर्थशास्त्रज्ञ गेली काही वर्षं जे सांगू पाहतायत ते त्यात बऱ्यापैकी मावतं.

हंट ऑलकॉट, अ‍ॅलन कॉलर्ड-वेक्सलर आणि स्टीफन ओ'कॉनेल या तिघांनी भारतातल्या कारखान्यांवर वीजटंचाईचा काय परिणाम होतो हे मोजलं. त्यांचा निबंध 2016 साली प्रसिद्ध झाला. टंचाईमुळे सरासरी कारखान्याचं उत्पन्न 5 ते 10 टक्क्यांनी घटतं, हा त्यातला गाजलेला आकडा. मला त्यापेक्षा दुसरा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो. जनरेटर जितका मोठा, तितकी त्याची वीज युनिटमागे स्वस्त पडते. म्हणजे मोठा कारखाना स्वतःची सोय करून मोकळा होतो आणि मार बसतो तो छोट्याला. छोटे मोठे होत नाहीत, आणि जे मोठे झाले त्यांच्यातले काही निव्वळ त्यांच्याकडे जनरेटर होता म्हणून टिकलेले असतात. वाढ खुंटते ती अशी. कुणाला फारशी दिसतही नाही.

पण मुंबईत वीज मुळात गेलीच का? राज्यात त्या दिवशी विजेचा दुष्काळ नव्हता. कळवा-पडघा भागातून शहराकडे वीज आणणाऱ्या 400 केव्हीच्या (म्हणजे चार लाख व्होल्टच्या) वाहिन्या पाठोपाठ बंद पडल्या, आणि उरलेल्यांवर पेलवणार नाही इतका भार आला. सायकलवर डबलसीट घेऊन चढ चढताना पायडल जड होतं, वेग पडतो. वीजकेंद्रातल्या जनरेटरचंही तसंच होतं. ग्रिडमधली, म्हणजे सगळ्या वीजकेंद्रांना जोडणाऱ्या जाळ्यातली, सगळी यंत्रं सेकंदाला 50 आवर्तनं या तालावर फिरत असतात. मागणी पुरवठ्याला भारी झाली की ताल मंदावतो आणि ठरावीक मर्यादेखाली गेला की यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतात. अशा वेळी मुंबईला बाकीच्या ग्रिडपासून तोडून ट्रॉम्बे, डहाणू आणि घाटाच्या पायथ्याच्या जलविद्युत केंद्रांवर तगवायची व्यवस्था 1981 पासून आहे. पूर्वी अनेकदा तिने शहराला वाचवलंय. या वेळी आतली निर्मिती आतल्या मागणीला पुरली नाही आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या.

टाकी भरलेली असून नळाला धार नाही, अशातली गत. टाकी राज्यात, देशात कुठेही बांधता येते. नळ मात्र मुंबईतूनच न्यावा लागतो. आणि मुंबई म्हणजे तीन बाजूंनी पाणी, खाडीकाठी तिवरं, मध्ये राष्ट्रीय उद्यान, उरलेल्या जागेत इमारती आणि झोपड्या. मनोरे कुठे रोवणार? खारघरहून विक्रोळीला येणारी 400 केव्हीची वाहिनी दहा वर्षांहून अधिक काळ कागदावर फिरत होती. 2020च्या त्या सोमवारनंतर ती सगळ्यांना आठवली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली. वाहिनी अपुरी असली की बाहेरची स्वस्त वीज शहरात शिरू शकत नाही आणि आतली महाग केंद्रं चालवत बसावं लागतं. त्याचे पैसे बिलात येतात, बिलाचे पैसे झाकणाच्या भावात.

आता पुराचं पाणी झेलणाऱ्या तिवरांचा नियम खुळचट आहे असं कुणी म्हणू नये. 26 जुलै 2005 ला ज्यांनी छातीभर पाण्यातून घर गाठलं त्यांना तरी ते पटणार नाही. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरं तोडण्यावर सरसकट बंदी घातली. सार्वजनिक हिताचं काम असेल तर न्यायालयाची परवानगी काढावी लागते. माझी तक्रार नियमाबद्दल नाही, क्रमाबद्दल आहे. एक परवानगी मिळाली की दुसरीचा अर्ज, दुसरी मिळेतो पहिलीची मुदत संपायला आलेली. नकार एका महिन्यात आला असता तरी चाललं असतं, दुसरा मार्ग शोधता आला असता.

परवानग्या झटपट मिळाल्या तर काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलंय. दोनदा.

पहिल्यांदा शंभर वर्षांपूर्वी. गिरण्या बंगालकडच्या कोळशावर वाफ करत होत्या. टाटांनी लोणावळ्याच्या पावसाचं पाणी अडवून सुमारे 500 मीटर खाली खोपोलीला सोडलं, आणि 1915 पासून गिरणगावात घाटाची वीज खेळायला लागली. मुंबईच्या भरभराटीत तिचा वाटा मोठा आहे. पण पुढचं धरण मुळशीला बांधायचं ठरलं तेव्हा इंग्रज सरकारने भूसंपादनाचा कायदा लावून मावळ्यांच्या जमिनी घेतल्या. 1921 साली मुळशी सत्याग्रह उभा राहिला, पुढे त्याचं नेतृत्व पांडुरंग महादेव बापटांकडे आलं आणि ते सेनापती झाले. धरण झालंच. आज लोअर परळला फिनिक्स मॉलसमोरून जो रस्ता जातो, ज्याच्या आजूबाजूला गिरण्यांचे भोंगे वाजायचे, त्याला सेनापती बापट मार्ग म्हणतात. हा विरोधाभास त्या पाटीखाली उभं राहून टॅक्सी शोधणाऱ्या कितीजणांच्या ध्यानात येतो, कोण जाणे.

दुसऱ्यांदा दाभोळ. 1993 साली एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी करार झाला, प्रकल्प उभाही राहिला, 1999 साली वीजही आली. पण इंधनाचा भाव आणि डॉलरचा दर यांची जोखीम वीज मंडळाच्या गळ्यात होती. 2001 साली मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि केंद्र धूळ खात पडलं.

बरं, हे आपल्याच नशिबी आहे असंही नाही. ब्रिटनने 1947 साली नगररचनेचा कायदा करून जमिनीच्या मालकाकडून बांधकामाचा हक्क काढून घेतला. बहुतेक कामांना स्थानिक मंजुरी हवी. तिथे 2015 नंतर इंग्लंडमध्ये जमिनीवरच्या पवनचक्क्यांचे नियम इतके आवळले गेले, की मोजक्या विरोधकांमुळेही प्रकल्प अडायचा. 2024 साली सरकार बदललं तेव्हा ते नियम सैल झाले. वारा तोच होता.

आता जागेकडे येऊ. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा एफएसआय. 1000 चौरस मीटरचा भूखंड, निर्देशांक 1.33, तर सगळे मजले मिळून 1330 चौरस मीटर बांधा. 1991च्या नियमावलीत शहराला हा 1.33 मिळाला आणि उपनगरांना 1. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये कार्यालयांच्या भागात तो 15 पर्यंत जातो. अलीकडच्या, 2034 पर्यंतच्या विकास नियमावलीनेही मूळ आकडे तसेच ठेवले. वरचं बांधकाम अधिमूल्य भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन मिळतं. म्हणजे तळाचा आकडा जितका कमी, तितका वरचा माल विकायला जास्त. ज्याच्या तिजोरीत हे पैसे पडतात त्याने तळाचा आकडा स्वतःहून वाढवावा, ही अपेक्षा मला जरा भाबडी वाटते.

नगररचनाकार अ‍ॅलन बर्टो वर्षानुवर्षं मुंबईचं उदाहरण देऊन सांगत आलेत, की या टंचाईमुळेच इथली जागा एवढी महाग आहे. नवी मुंबईच्या कल्पनेमागच्या तिघांपैकी एक, शिरीष पटेल, यांचं म्हणणं उलटं होतं. इथे माणशी रस्ता आणि मोकळी जागा इतकी कमी आहे, की मजले वाढवले तर गर्दी तेवढी वाढेल. विरार लोकलमध्ये लोंबकळत मी दोघांशीही सहमत होत आलोय. शहर मोठं झालं की माणसांची उत्पादकता वाढते हे अनेक देशांतल्या मोजणीतून दिसलंय. लोकसंख्या दुप्पट झाली तर साधारण 3 ते 8 टक्के. पण ती वाढते माणसं एकमेकांपर्यंत वेळेत पोचली तर. रोजचे चार तास गाडीत गेले की तो फायदा पश्चिम रेल्वेलाच अर्पण.

आणि नियमांमुळे महाग झालेल्या त्या जागेतच भावाचा जनरेटर अडकलाय. दुसऱ्या मजल्यावर डिझेल ठेवू देत नाहीत, ते बरोबरच आहे. आवारात सोसायटीचं पार्किंग. शेजारचा गाळा घ्यावा तर त्याच्या भाड्यात मशिनचा हप्ता निघतो.

खारघरची वाहिनी सुरू झाल्यापासून त्याच्याकडे वीज बरीच सुधारली आहे. तरी गेल्या दिवाळीनंतर तो पालघर जिल्ह्यात जागा बघायला लागलाय. तिकडे तळमजला मिळतो, मागे अंगण असतं, कामगारांची घरंही जवळ पडतात. फक्त लाइट इकडच्यापेक्षा जास्त जातात. मागच्या रविवारी मी त्याच्याबरोबर गेलो होतो. मालक भाड्याचं बोलत होता. भावाचं लक्ष नव्हतं. तो मागच्या भिंतीपाशी उकिडवा बसून टेपने मोजत होता. आठ फूट बाय चार. "बसतो," तो म्हणाला.