भारत निवडणूक आयोग आणि राज्य निवडणूक आयोग: परीक्षेत हमखास होणारा घोळ

महापालिकेची निवडणूक लागली की बातम्यांत वाक्य येतं, ‘निवडणूक आयोगाने आचारसंहिता जाहीर केली.’ कोणत्या आयोगाने, हे बातमी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. एमपीएससीची राज्यसेवा किंवा कम्बाइनची (संयुक्त) पूर्व परीक्षा मात्र नेमकं तेवढंच विचारते. आणि पॉलिटी (राज्यव्यवस्था) पाठ असलेली मुलंसुद्धा तिथे अडखळतात, कारण त्यांच्या डोक्यात दिल्लीचं मुख्यालय आणि मुंबईची शाखा असं चित्र असतं. ते चित्र आधी पुसायला हवं. महाराष्ट्राचा राज्य निवडणूक आयोग दिल्लीच्या हाताखाली काम करत नाही. दोघांचे अधिकार थेट राज्यघटनेतून येतात, फक्त निवडणुका वेगळ्या.

भारत निवडणूक आयोग कलम ३२४ मधला, म्हणजे भाग १५ मधला. स्थापना २५ जानेवारी १९५०, प्रजासत्ताक होण्याच्या आदल्या दिवशी. २०११ पासून राष्ट्रीय मतदार दिवस त्याच तारखेला येतो. याच्याकडे लोकसभा, राज्यसभा, विधानसभा, विधान परिषद, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती. राज्य निवडणूक आयोग बराच धाकटा. ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती १९९२ ची, अंमल अनुक्रमे २४ एप्रिल आणि १ जून १९९३ पासून. कलम २४३-के पंचायतींसाठी, २४३-झेडए नगरपालिकांसाठी. महाराष्ट्रात आयोग १९९४ मध्ये उभा राहिला. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर पंचायत, नगर परिषद आणि महापालिका एवढंच त्याचं कार्यक्षेत्र.

मग घोळ होतो कुठे? माणसं तीच असतात ना! लोकसभेला जिल्हाधिकारी जिल्हा निवडणूक अधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेलाही तेच सूत्रं हलवतात. मतदान केंद्रावर तेच शिक्षक, तेच तलाठी. यंत्रणा राज्य सरकारची आणि दोन्ही आयोग ती उसनी घेतात. त्यात ‘मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र’ हे तिसरं पद भर घालतं. नावात महाराष्ट्र आहे म्हणून हे राज्य आयोगाचे, असं वाटतं. प्रत्यक्षात ते भारत निवडणूक आयोगाचे राज्यातले अधिकारी आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मतदार याद्यांच्या तक्रारी घेऊन विरोधी पक्षांचं शिष्टमंडळ मुंबईत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनाही भेटलं आणि राज्य निवडणूक आयुक्तांनाही, कारण यादीचा मामला दोघांत विभागलेला आहे. आपल्याकडे स्थानिक निवडणुकीसाठी विधानसभेचीच यादी घेतात आणि ती प्रभागांनुसार फोडतात. फोडण्याचं काम राज्य आयोगाकडे, पण मूळ यादीत नाव घालणं-वगळणं भारत निवडणूक आयोगाच्या यंत्रणेकडे. गंमत अशी की २४३-के वाचलं तर मतदार यादी तयार करण्यावर देखरेखीचा अधिकारही राज्य आयोगालाच दिलेला दिसतो. म्हणून प्रश्नात ‘घटनेनुसार’ म्हटलंय की ‘महाराष्ट्रात प्रत्यक्षात’, हे बघूनच पर्याय निवडा.

परीक्षकांचा आवडता सापळा नेमणूक आणि पदच्युतीचा. राज्य निवडणूक आयुक्तांना राज्यपाल नेमतात, इथपर्यंत सगळ्यांना येतं. पुढे पर्याय असतो, ‘राज्यपाल त्यांना पदावरून दूर करू शकतात’, आणि नेमणारा तोच काढणारा अशा हिशेबाने मुलं टिक करून मोकळी होतात. निगेटिव्ह मार्किंगमध्ये हे महागात पडतं. राज्य निवडणूक आयुक्तांना उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारख्याच पद्धतीने आणि त्याच कारणांवरून काढता येतं, म्हणजे संसदेच्या दोन्ही सभागृहांतून ठराव जावा लागतो. मुख्य निवडणूक आयुक्तांसाठी मोजपट्टी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची. इतर दोन निवडणूक आयुक्तांना मात्र मुख्य आयुक्तांच्या शिफारशीशिवाय काढता येत नाही, एवढंच संरक्षण.

राज्य आयुक्तांचं संरक्षण कागदावरच राहू नये म्हणून कोर्टाला मध्ये पडावं लागलंय. २०२० मध्ये आंध्र प्रदेश सरकारने वटहुकूम काढून राज्य निवडणूक आयुक्तांचा कार्यकाळ पाच वर्षांवरून तीनवर आणला. तिथल्या उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आपल्या शेजारी गोव्यात तर सरकारचे विधी सचिवच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार सांभाळत होते. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की सरकारी सेवेतल्या माणसाकडे हे पद देता येणार नाही. त्याआधी २००६ च्या किशनसिंह तोमर खटल्यात याच न्यायालयाने राज्य आयोगाचं स्थान आपल्या क्षेत्रात भारत निवडणूक आयोगाच्या बरोबरीचं मानलं होतं. मुख्य परीक्षेच्या उत्तरात ही तीन उदाहरणं लिहा, कलमांची यादी पुरेशी नाही.

रचनेतला फरक सोपा आहे. राज्य आयोग एकसदस्यीय. भारत निवडणूक आयोग १९८९ पर्यंत एकसदस्यीय, मग थोडे दिवस त्रिसदस्यीय, पुन्हा एकसदस्यीय, आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून टी. एन. शेषन यांच्या काळात कायमचा त्रिसदस्यीय. २०२३ च्या कायद्यानंतर पंतप्रधान, एक केंद्रीय मंत्री आणि लोकसभेतले विरोधी पक्षनेते यांची समिती शिफारस करते आणि राष्ट्रपती नेमतात. सरन्यायाधीश त्या समितीत नाहीत. कार्यकाळ सहा वर्षं किंवा वयाची ६५, जे आधी येईल ते. महाराष्ट्रात राज्य आयुक्तांचा कार्यकाळ पाच वर्षं. ‘पहिल्या महिला’ छापाचा प्रश्न आला तर मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून व्ही. एस. रमादेवी (१९९०, जेमतेम पंधरवडा) आणि महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयुक्त म्हणून नीला सत्यनारायण.

‘नोटा’चा फरक फार कमी जणांना माहीत असतो, मला मात्र तो सगळ्यांत रंजक वाटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर ‘नोटा’ आलं, पण लोकसभा-विधानसभेत त्याला सर्वाधिक मतं पडली तरी सर्वाधिक मतांचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये नागरी संस्थांसाठी वेगळा आदेश काढला: ‘नोटा’ पहिला आला तर फेरनिवडणूक. फेरनिवडणुकीतही तोच पहिला आला, तर मात्र सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी.

मग इतका स्वतंत्र आयोग असताना मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून मतदान थेट १५ जानेवारी २०२६ ला का झालं? कलम २४३-यू तर मुदत संपण्याआधीच निवडणूक घ्या म्हणतं. याचं उत्तर आयोगाच्या दारात सापडत नाही. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणीची अट लावली (आयोगाकडून मागासलेपणाची पाहणी, संस्थानिहाय प्रमाण आणि एकूण आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा), त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये आला, प्रभागरचनेचा अधिकार राज्याने कायदा करून आपल्याकडे घेतला, त्यावर पुन्हा खटले. शेवटी ६ मे २०२५ ला कोर्टानेच निवडणुका जाहीर करायला सांगितलं. राज्य आयोग निवडणूक घेतो; पण प्रभागांच्या सीमा आणि आरक्षणाचा कायदा दुसरीकडे अडकला तर त्याचं वेळापत्रकही अडकतं. भारत निवडणूक आयोगापुढे ही अडचण एवढी येत नाही, कारण मतदारसंघ परिसीमन आयोगाने आधीच आखून दिलेले असतात.

आता एक प्रश्न सोडवून बघा. विधान परिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाची निवडणूक कोण घेतं? मतदार नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य, नावात ‘स्थानिक स्वराज्य संस्था’, त्यामुळे हात राज्य आयोगाच्या पर्यायाकडे जातो. पण निवडून जाणारा माणूस विधिमंडळात बसतो, म्हणून निवडणूक भारत निवडणूक आयोगाची. आणि साखर कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक? ती दोघांपैकी कुणाचीच नाही. राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाची.