मुंबई-लंडन विमान आणि पृथ्वीच्या फिरण्याचा गैरसमज

मुंबईहून लंडनला जाताना साधारण सव्वानऊ-साडेनऊ तास लागतात आणि येताना जवळपास तासभर कमी, अंतर तेच, सुमारे ७२०० किमी. मग लोक ठामपणे सांगतात की पृथ्वी फिरते म्हणून असं होतं. नाही हो, हे चूक आहे, आणि मुलांना तर असं अजिबात सांगू नका.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे विमानाखालून ती सरकत असती तर लंडन उलट आपल्याकडेच आलं असतं ना, मग जाताना वेळ कमी लागायला हवा! पुण्यावर हेलिकॉप्टर नुसतं थांबवलं असतं तरी पाचेक मिनिटांत खाली अलिबागजवळचा किनारा आला असता. तसं होत नाही कारण हवाही पृथ्वीसोबतच फिरते, आणि विमान त्या हवेत उडतं.

खरं कारण जेट स्ट्रीम, म्हणजे ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, हिवाळ्यात तर कधी ताशी २०० किमीच्याही वर. येताना ते पाठीमागून ढकलतात, जाताना समोरून अडवतात. (या वाऱ्यांची दिशा ठरण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, तेवढं मान्य.) आणि घड्याळातला साडेचार किंवा साडेपाच तासांचा फरक वेगळा, तो प्रवासाच्या वेळेत धरायचा नाही.