यूएसबी मायनर

यूएसबी मायनर : संगणकाच्या किंवा हबच्या यूएसबी खोबणीत बसवून बिटकॉइनसारख्या आभासी चलनाचे मायनिंग (गणिती कोडे सोडवून नवे कॉइन मिळवणे) करणारे, पेनड्राइव्हएवढे उपकरण. दिसायला पेनड्राइव्ह असला तरी त्यात काहीच साठत नाही. कॉइनही नाहीत आणि ब्लॉकचेनही नाही. आत एखाद-दुसरी एसिक (एकाच गणितासाठी बनवलेली) चिप, तिला एक व्होल्टच्या आसपासचा दाब पुरवणारे छोटे सर्किट आणि संगणकाशी बोलणारी यूएसबी-सीरियल चिप, एवढाच ऐवज. संगणकावरचा प्रोग्रॅम पूलकडून, म्हणजे अनेक मायनरांना एकत्र जोडणाऱ्या सर्व्हरकडून, काम आणतो. चिप ८० बाइटांच्या ब्लॉक-हेडरमधला (व्यवहारांच्या गठ्ठ्याच्या, म्हणजे ब्लॉकच्या, शीर्षकातला) नॉन्स हा आकडा बदलत एसएचए-२५६ हे गणित दोन-दोनदा करत राहते आणि ठरलेल्या लक्ष्याखालचे उत्तर सापडले की परत पाठवते. त्या उत्तराला शेअर म्हणतात.

घरी हे चालवणे हा कमाईचा धंदा नव्हे. कोल्हापुरात अशा गोष्टीला सरळ ‘नाद’ म्हणतात आणि तोच शब्द इथे नेमका बसतो. शिकण्यासारखे मात्र यात पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेचसे आभासी चलनापेक्षा पाच व्होल्टच्या वीजपुरवठ्याबद्दलचे आहे. बंद पडलेल्या दहा मायनरांपैकी बहुतेकांची चिप शाबूत असते. दोष असतो हबचा, अडॅप्टरचा किंवा बारीक तारेचा.

प्रकार : २०१३ साली आलेला एसिकमायनर कंपनीचा ब्लॉक इरप्टर हा या जातीतला पहिला गाजलेला नग. वेग सेकंदाला सुमारे ३३.६ कोटी हॅश (त्या गणिताच्या फेऱ्या), खप २.५ वॅट, म्हणजे साध्या यूएसबी २.० खोबणीच्या ५०० मिलिअँपिअर मर्यादेत कसाबसा बसणारा. त्यानंतर बिटमेनचे अँटमायनर यू१ आणि यू२ आले. पुढे गेकोसायन्सची कॉम्पॅक मालिका आली. तिच्या पहिल्या नगात बीएम१३८४ ही चिप होती, तर कॉम्पॅक एफमध्ये बीएम१३९७ आहे. लाइटकॉइन या दुसऱ्या चलनाच्या स्क्रिप्ट नावाच्या गणितासाठी फ्यूचरबिटचा मूनलँडर २ निघाला. एसएचए-२५६ साठी बनवलेली चिप स्क्रिप्टचे काम करू शकत नाही आणि स्क्रिप्टची चिप एसएचए-२५६ चे. जुना नग विकत घेताना ही चूक सर्रास होते. ईएसपी३२ या छोट्या वाय-फाय बोर्डावर चालणारा नर्डमायनर यूएसबीतून फक्त वीज घेतो. त्याचे बाकी सगळे वाय-फायवर चालते, म्हणून त्याची गोष्ट वेगळी.

हिशोब : बिटकॉइनच्या साऱ्या जाळ्याचा वेग २०२५ मध्ये सेकंदाला १ झेटाहॅशच्या घरात, म्हणजे एकावर २१ शून्ये इतका पोचला. कॉम्पॅक एफच्या चिपमध्ये ६७२ कोअर आहेत. ४०० मेगाहर्ट्झवर चालवल्यास वेग होतो सुमारे २६९ गिगाहॅश, म्हणजे २६९ अब्ज हॅश. एवढ्यावर एकट्याने ब्लॉक सापडायला सरासरी ७० हजार वर्षे लागतील. पूलमध्ये वाटा घेतला तर एप्रिल २०२४ नंतरच्या ३.१२५ बिटकॉइन बक्षिसाच्या हिशोबाने रोज १२ सातोशी (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक सातोशी). बिटकॉइन १ कोटी रुपयांना धरला तर ते होतात सव्वा रुपया. मायनरचे १२ आणि तो चालवणाऱ्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाचे ५ असे १७ वॅट चोवीस तास चालले की महिन्याला १२ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांचा टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटचा दर जवळजवळ दुप्पट होतो आणि घरातला फ्रिज-पंखा आधीच त्या टप्प्यापर्यंत पोचलेला असतो. म्हणून मायनरचे युनिट वरच्याच दराने मोजावे. १० रुपयांनी रोजचे ४ रुपये. नाद, तो असा.

वीजपुरवठा : यूएसबी २.० खोबणी ५०० मिलिअँपिअर देते, यूएसबी ३.० खोबणी ९००. ब्लॉक इरप्टर लॅपटॉपवर एखादा चालतो. दुसरा लावला की दोन्ही अडखळतात. कॉम्पॅक एफ चिपचे घड्याळ (मेगाहर्ट्झमधली गती) वाढवल्यावर २ अँपिअरच्या वर मागतो, त्याला लॅपटॉपची खोबणी चालतच नाही. म्हणून स्वतंत्र अडॅप्टरचा हब घ्यावा लागतो, आणि खरी गोची तिथे होते. राजारामपुरीतल्या दुकानांत मिळणाऱ्या दहा खोबण्यांच्या साध्या हबसोबत बहुधा २ अँपिअरचा अडॅप्टर येतो. दहा इरप्टरांना ५ अँपिअर लागतात. हब दहा खोबण्यांचा आहे म्हणून तो दहांना पोसेल असे नाही.

यावर स्वस्त उतारा म्हणजे एलईडी डिस्प्ले बोर्डांना वापरतात तो जाळीदार डब्याचा ५ व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या विजेचे डीसी करणारा पुरवठा). १० अँपिअरचा पुरतो. ४० अँपिअरचा मिळाला तर तोही चालतो, जास्त अँपिअरने नग जळत नाही. त्याच्या पट्टीवर फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगचे स्क्रू उघडे असतात, त्यांवर झाकण हवेच. पेठांतल्या जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते पण मागे अर्थिंगची तार नसते. अशा ठिकाणी एसएमपीएसच्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात. आधी वायरमनकडून अर्थिंग करून घ्यावे, मग पुढचे. काहीही जोडण्याआधी पट्टीजवळचा छोटा स्क्रू फिरवून दाब ५.१ व्होल्टवर आणावा. ५.२५ च्या वर नेऊ नये.

मग मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून मोजायचे, पण रिकाम्या हबवर नाही. सगळे मायनर चालू असताना, सर्वात लांबच्या खोबणीवर. रिकामा हब नेहमीच ५.१ दाखवतो आणि माणूस फसतो. लोडवर आकडा ४.७५ च्या खाली गेला असेल तर तार बघावी. २८ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचे माप) तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम, जाण्याची आणि येण्याची मिळून एक मीटर केबलला ०.४२. तीतून २ अँपिअर गेले की ०.८४ व्होल्ट वाटेतच मरतो. ५ निघाले, ४.१६ पोचले. चिपचा दोष म्हणून परत पाठवलेले कित्येक नग केवळ जाड, अर्ध्या फुटाच्या केबलवर सुरळीत चालू लागतात.

उलटी वीज हा आणखी एक छुपा प्रकार. स्वस्त हब अडॅप्टरची वीज संगणकाकडच्या तारेतूनही मागे ढकलतो. रास्पबेरी पायचा स्वतःचा अडॅप्टर काढला तरी त्याचा लाल दिवा तेवत राहिला, तर समजावे. असा पाय अर्धवट चालू होतो, रीस्टार्ट नीट होत नाही आणि मेमरी कार्ड खराब होते. हबपासून संगणकाकडे जाणाऱ्या केबलमधली लाल तार तोडून टाकणे हा त्यावरचा रांगडा पण खात्रीचा इलाज. काळी, हिरवी आणि पांढरी शाबूत ठेवावी.

प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर : सीजीमायनर आणि बीएफजीमायनर हे दोन प्रोग्रॅम प्रचारात आहेत. त्यांची यूएसबीशी बोलण्याची रीत वेगळी आहे, आणि नवशिक्याचा एक दिवस इथे जातो. सीजीमायनर लिबयूएसबी या कोडसंचामार्फत थेट उपकरण धरतो. विंडोजवर त्यासाठी झॅडिग हे ड्रायव्हर बदलणारे साधन वापरून विनयूएसबी ड्रायव्हर बसवावा लागतो. बीएफजीमायनरला ब्लॉक इरप्टरसाठी सिलिकॉन लॅब्जचा नेहमीचा सीरियल ड्रायव्हर लागतो, कॉम पोर्ट दिसायला हवा. एकासाठी बसवलेला ड्रायव्हर दुसऱ्याला आंधळा करतो. झॅडिगमध्ये यादीतून चुकून कीबोर्ड किंवा माउस निवडला तर तोच बंद पडतो, म्हणून बटण दाबण्याआधी उपकरणाचा क्रमांक वाचावा. इरप्टरमधल्या सीपी२१०२ या यूएसबी-सीरियल चिपचा क्रमांक १०सी४:ईए६० असा असतो.

लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली की तोच क्रमांक दिसतो. दिसला नाही तर प्रोग्रॅमशी झटापट करण्यात अर्थ नाही; केबल, हब, खोबणी एवढेच तपासावे. दिसतो पण प्रोग्रॅम धरत नाही, तर परवानगीचा प्रश्न: एकदा ‘सुडो’ (प्रशासकाचे अधिकार) लावून चालवून बघावे. चालला तर सीजीमायनरच्या मूळ कोडसोबत येणारी यूडेव्ह नियमांची (उपकरणांच्या परवानग्या ठरवणारी) फाइल जागेवर ठेवावी आणि वापरकर्ता ‘प्लगडेव्ह’ गटात घालावा. कोड स्वतः कंपाइल करताना इरप्टरसाठी ‘आयकॅरस’ आणि कॉम्पॅकसाठी ‘गेको’ हा पर्याय चालू करायचा राहिला, तर प्रोग्रॅम सुरू होतो पण एकही उपकरण सापडत नाही. तयार फाइल कुठूनही उतरवू नये. अँटिव्हायरस खऱ्या सीजीमायनरलाही घातक ठरवून उडवतो, त्यामुळे लोक इशारा दुर्लक्षित करायला शिकतात आणि मग बनावट फाइलमधून खरोखरचा घुसखोर घरात येतो.

पूलला तीन गोष्टी द्यायच्या: पत्ता आणि पोर्ट, वापरकर्ता, पासवर्ड. एकट्याने नशीब आजमावण्याच्या पूलमध्ये वापरकर्ता म्हणजे आपला बिटकॉइनचा पत्ता, तो कॉपी-पेस्टच करावा. पासवर्डच्या जागी बहुधा नुसता ‘एक्स’ चालतो.

चालू असताना : ब्लॉक इरप्टरचा हिरवा दिवा सतत पेटलेला असेल तर तो काम करत नाही, रिकामा बसला आहे. काम चालू असताना दिवा विझलेला असतो आणि शेअर सापडला की क्षणभर चमकतो. हे उलटे असल्यामुळे चांगला चाललेला नग लोक मेला म्हणून उपसतात.

शेअर दिसत नाहीत ही सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार. ३२ बिटांचा नॉन्स म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. इरप्टर त्या १२.८ सेकंदांत संपवतो, आणि कठिणता (उत्तर किती दुर्मीळ हवे त्याचे माप) १ चा शेअर त्याला सरासरी तेवढ्याच वेळात मिळतो. पूलने कठिणता १,०२४ लावली असेल तर सरासरी ३ तास ३८ मिनिटांनी एक शेअर. नग ठीक, पूल चुकीचा. कमी कठिणता देणारा पूल निवडला की शेअर दिसू लागतात. कमाई आहे तेवढीच राहते.

पडद्यावर ‘एचडब्ल्यू’ हा चुकीच्या उत्तरांचा आकडा असतो. एकूण उत्तरांच्या टक्का-दोन टक्क्यांपर्यंत असेल तर सोडून द्यावे. चढत असेल तर आधी दाब मोजावा, मग पंखा, मग घड्याळ २५ मेगाहर्ट्झने खाली. कॉम्पॅकवरचा बारीक स्क्रू कोअरचा दाब बदलतो. तो पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नये आणि लोखंडी पेचकसाची बाजू शेजारच्या भागांना टेकू देऊ नये. ‘झोंबी’ असे लिहून आले तर उपकरण यूएसबीवरून निसटले आहे. एकदा झाले तर काढून लावावे, रोज होत असेल तर पुन्हा वीजपुरवठा. ‘स्टेल’ (उशिरा पोचलेले) म्हणून नाकारलेले शेअर वाढले तर दोष इंटरनेटचा. मोबाइल हॉटस्पॉटवर हे हमखास होते.

लाईट गेली-आली की दुसरा घोळ होतो. रास्पबेरी पाय अर्ध्या मिनिटात उठतो, राउटरला दीड-दोन मिनिटे लागतात. तोवर मायनर ‘काम देणारा सर्व्हर सापडला नाही’ म्हणून थांबतो. आपोआप सुरू होण्याच्या सेवेत १२० सेकंदांची उसंत घालावी, आणि बंद पडल्यास पुन्हा चालू करण्याचा पर्यायही.

हवा आणि जागा : कोल्हापूरच्या उन्हाळ्यात उघड्या नगाला बोट लावता येत नाही. ५ व्होल्टचा ८० मिलिमीटरचा पंखा आडवा लावला तरी फरक पडतो. १२ व्होल्टचा पंखा ५ वर लावल्यास कधी फिरतो, कधी नुसता थरथरतो. हीटसिंक नसेल तर शिवाजी उद्यमनगरात अॅल्युमिनियमच्या पट्टीचा तुकडा कापून मिळतो. चिप आणि पट्टीमध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर पुरे, गोळा नको.

पावसाळ्याचे चार महिने जास्त त्रासाचे. यूएसबीच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर धरतो, नग दिसतो-नाहीसा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, मग पूर्ण वाळू देणे. चालू नग स्वतःच्या उबेने कोरडा राहतो, बंद ठेवलेलाच सर्दावतो; म्हणून बंद ठेवायचा तर सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात. उबेला पाली येतात, आणि एसएमपीएसच्या जाळीतून आत शिरलेली पाल स्वतःसह फ्यूजही घेऊन जाते. गेकोसायन्स या नावातला गेको म्हणजे पालच, हा योगायोग. जाळीवर मच्छरदाणीचे कापड ताणावे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सुतारवाडा, दुधाळीसारखे भाग पाण्याखाली होते. नदीकाठच्या घरांत हब आणि एसएमपीएस जमिनीवर किंवा दिवाणाखाली ठेवू नयेत.

नर्डमायनर : चार्जिंगपुरत्या दोनच तारा असलेल्या केबलवर फर्मवेअर चढत नाही, डेटाची केबल लागते. बोर्ड ओळखला गेला नाही तर बूट बटण दाबून धरून केबल लावावी. पहिल्यांदा तो स्वतःचे वाय-फाय सुरू करतो. मोबाइलवरून त्याला जोडून घरच्या राउटरचे नाव आणि पासवर्ड द्यायचा. बोर्डाला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते. राउटरने दोन्ही पट्टे एकाच नावाखाली ठेवले असतील तर जोडणी अडते, नावे वेगळी करावीत. सेकंदाला ६० हजार हॅश या वेगाने कठिणता १ चा शेअर २० तासांनी येतो, म्हणून त्याला याच बोर्डांसाठी कठिणता खूप खाली ठेवणारा पूल लागतो.

कर : २०२२ च्या अर्थसंकल्पापासून आभासी मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर उपकर आहे, १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएसही. मायनिंगला लागलेली वीज आणि यंत्रे खर्च म्हणून वजा करता येत नाहीत.

जुना नग घेताना : आपला हब, आपली केबल आणि मल्टिमीटर घेऊन जावे. एक तास पूर्ण वेगाने चालवून एचडब्ल्यूचा आकडा पाहावा, हीटसिंक हलते का ते बघावे आणि यूएसबी टोकाचे प्लॅस्टिक तपकिरी झालेले नाही ना, हे उजेडात धरून तपासावे. तपकिरी असेल तर तो नग कमी दाबावर, जास्त अँपिअर ओढत बराच काळ चाललेला आहे.