झुंडबळीविरोधी मुद्राचित्रे (अमेरिका)

अमेरिकेत गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांच्या केलेल्या हत्यांचा निषेध म्हणून काढलेली शिळामुद्रिते (दगडावर रेखाटून छापलेली चित्रे) व लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेली चित्रे). या परंपरेचा आरंभ अनेकदा चित्रकार जॉर्ज बेलोजच्या ‘द लॉ इज टू स्लो’ (१९२३) या शिळामुद्रितापासून धरतात. मात्र त्याचे मूळ मासिकातील एका कथेसाठी केलेल्या चित्रात आहे. त्यामुळे संघटित निषेधाची सुरुवात १९३५ मध्ये मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या वर्षी फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन भरवले. आधी ठरलेल्या कलादालनाने ऐनवेळी अंग काढून घेतले आणि जागा बदलावी लागली. झुंडबळीविरोधी कॉस्टिगन-वॅग्नर विधेयकाला पाठिंबा मिळवणे हा हेतू होता. विधेयक सिनेटमध्ये अडले. मार्चमध्ये डाव्या कलावंतांनी वेगळे प्रदर्शन मांडले.

लिनोलियम म्हणजे घट्ट केलेले जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा तागाच्या कापडावर थापून केलेले जमिनीवर अंथरण्याचे आच्छादन. त्याला लाकडासारखी रेषा नसल्याने पाते कोणत्याही दिशेला वळते. कोरून काढलेला भाग पांढरा राहतो, उरलेल्यावर शाई बसते. छापयंत्र नसले तरी चालते. कागदाच्या पाठीवर चमचा घासूनही छाप उठतो. तुटपुंज्या पैशांत बऱ्याच प्रती निघत, हे चळवळीच्या पथ्यावरच पडले.

कृष्णवर्णीय चित्रकार हेल वुड्रफचे ‘गिडॅप’ (घोड्याला हाकण्याची आरोळी) आणि ‘बाय पार्टीज अननोन’ (‘अज्ञात व्यक्तींकडून’) हे लिनोकट फेब्रुवारीच्या प्रदर्शनात होते. पहिल्यात गळ्यात फास अडकवलेला माणूस घोडागाडीवर उभा आहे. गाडी हलली की संपले. दुसऱ्यात मृतदेह एका मोडकळीस आलेल्या चर्चच्या पायऱ्यांवर टाकलेला आहे. मारेकरी सापडले नाहीत असे नोंदवणाऱ्या पंचनाम्यांतली भाषा शीर्षकात आली आहे. काळाबाबत घोळ आहे : काही संग्रहालये १९३१–४६ असा पट्टा देतात, कारण १९९६ मध्ये जुन्या ठशांवरून काढलेल्या संचाला तो कालखंड जोडला गेला. प्रदर्शनाचा पुरावा पाहता १९३५ किंवा किंचित आधी हे ग्राह्य धरावे.

कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत एलिझाबेथ कॅटलेटने (१९१५–२०१२) मेक्सिको सिटीतील ‘तायेर दे ग्राफिका पोपुलार’ या कार्यशाळेत १९४६-४७ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रीवर १५ लिनोकटांची मालिका केली. मालिकेतील एका चित्रात दोर गळ्यात असलेला पुरुष जमिनीवर पडलेला असून वर केवळ पाय दिसतात. ते जमावाचे की अन्य बळींचे, याविषयी दोन मते संभवतात. प्रस्तुत नोंदीत पहिला अर्थ धरला आहे. १९६२ मध्ये कॅटलेटने मेक्सिकोचे नागरिकत्व घेतले. त्यानंतर अमेरिकेने तिला अनेक वर्षे प्रवेश नाकारला. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील प्रदर्शनासाठी व्हिसा मिळाला.