हौशी बेसबॉलची आकडेवारी आणि व्यावसायिक यश

अमेरिकेतील शालेय व महाविद्यालयीन सामन्यांतल्या आकड्यांवरून खेळाडू पुढे मेजर लीगमध्ये (व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर) कितपत टिकेल, याचा अदमास घेण्याची पद्धत. १९६५ मध्ये हौशी खेळाडूंचा वार्षिक ड्राफ्ट (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत) सुरू झाल्यावर तिला व्यावहारिक महत्त्व आले.

तिचा आरंभ सामान्यतः बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांच्यापासून धरतात. मायनर लीगचे (मेजर लीगखालच्या व्यावसायिक स्तरांचे) आकडे मेजर लीगच्या मापात बसवण्याची रीत त्यांनी १९८५ मध्ये मांडली. पण मायनर लीगचे खेळाडू पगारी. हौशींना ती रीत जशीच्या तशी लागू होत नाही. शाळेतून उचललेल्या खेळाडूंपेक्षा महाविद्यालयातून घेतलेले अधिक फळतात, हा जेम्स यांचाच साधारण त्याच सुमाराचा निष्कर्ष. विषयाचा उगम तेथे मानणे अधिक सयुक्तिक.

खरी अडचण बॅटची. महाविद्यालयांत १९७४ च्या सुमारास ॲल्युमिनियमची बॅट आली. व्यावसायिक खेळात मात्र लाकूडच. पोकळ धातूची पातळ भिंत चेंडू लागताच किंचित दबते आणि उसळी परत देते. शिवाय अंगालगत आलेला चेंडू मुठीजवळ लागला, तर लाकडी बॅट मोडते आणि फलंदाज बहुधा बाद होतो. धातूच्या बॅटने तोच चेंडू इनफिल्डरच्या (जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या) डोक्यावरून पलीकडे पडतो आणि नोंदवहीत ‘हिट’ (फलंदाजाला सुखरूप बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरील टप्प्यावर, पोहोचवणारा फटका) म्हणून चढतो. १९९८ चा महाविद्यालयीन अंतिम सामना २१–१४ असा सुटला, तो याच काळातला. २०११ मध्ये बॅटच्या उसळीवर कडक मर्यादा आली आणि होम रन (बहुधा चेंडू मैदानाबाहेर धाडून थेट धाव मिळवणारे फटके) जवळपास निम्म्यावर उतरले. त्यामुळे त्याआधीचे व नंतरचे आकडे शेजारी मांडणे धोक्याचे. महाविद्यालयीन खेळाडूंच्या केप कॉड (मॅसॅच्युसेट्स) येथील उन्हाळी लीगमध्ये १९८५ पासून लाकडी बॅट असल्याने तेथील आकडे, सामने थोडे असूनही, अधिक विश्वसनीय समजतात.

उदाहरणे दोन्ही बाजूंची सापडतात. पीट इनकाव्हिलिया याने १९८५ मध्ये ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून ४८ होम रन मारले आणि मायनर लीगमध्ये न खेळता पुढच्याच वर्षी मेजर लीगमधील टेक्सास संघाकडून ३०. उलट, बेसवर पोहोचण्याच्या हातोटीमुळे मेजर लीगमधील ओकलंड संघाने २००२ च्या ड्राफ्टमध्ये ३५ व्या क्रमांकावर घेतलेला जेरेमी ब्राउन मेजर लीगमध्ये अवघे पाच सामने खेळला. तरीही फलंदाजीच्या सरासरीपेक्षा (ही क्रिकेटसारखी धावांची नव्हे, हिटच्या प्रमाणाची) वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळणारा बेस) व स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणे) यांचे प्रमाण अधिक टिकाऊ मानावे लागते. क्षेत्ररक्षण आणि नशीब यांचा त्यात वाटा कमी.

शालेय आकड्यांचा उपयोग अल्पच, कारण समोरच्या पिचरांचा (गोलंदाजांचा) दर्जा फार असमान असतो. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील मुले ड्राफ्टबाहेरच, सोळाव्या वर्षापासून करारबद्ध होतात. त्यांच्या बाबतीत भिस्त स्काउटच्या (संघासाठी खेळाडू हेरणाऱ्याच्या) नजरेवर आणि स्टॉपवॉचवर.